मेट्रोपोलिसमधला मध्यस्थ नेमला कुणी? जुने विज्ञानपट आणि कामगार

तिसरीपाळी

गेल्या रविवारी 'मेट्रोपोलिस' परत पाहिला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये एकदाही न उठता. १९२७ सालचा जर्मन मूकपट. दिग्दर्शक फ्रित्झ लांग, पटकथा थेया फॉन हार्बू यांची. कॉलेजात असताना पाहिला होता तेव्हा डोळे त्या उंच इमारतींवर, पुलांवरून धावणाऱ्या गाड्यांवर आणि त्या धातूच्या बाईवर खिळले होते. या वेळी सुरुवातीलाच अडकले.

पाळी बदलण्याचं दृश्य आहे. दोन रांगा शेजारून जातात, एक कामावर जाणारी, दुसरी सुटलेली. आत जाणारे मान खाली घालून ठरल्या ठेक्यात चालतात. बाहेर येणारे त्यांच्या निम्म्या वेगाने. यांची दोन पावलं पडतात तेवढ्यात त्यांचं एक पडतं. पाटी नाही, संवाद नाही. दहा तासांनी माणसातून काय काढून घेतलं ते नुसत्या पावलांतून कळतं.

माझे बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणतात त्या खात्यात होते. १९६४ साली बदलीवर, म्हणजे कायम माणसाचा खाडा असेल तेवढ्यापुरते लागले, पुढे कायम झाले, चार साचे सांभाळायचे. रातपाळी करून सकाळी चाळीचा जिना चढताना त्यांची पावलं मी अंथरुणात पडल्या पडल्या ओळखायचे. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, लहान मूल चढतं तसे. भुवयांवर आणि कानांवरच्या केसांत कापसाची लव. घरात आल्यावरही मोठ्याने बोलायचे, कारण रात्रभर त्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाला हळू बोललेलं ऐकूच येत नाही. लांगने परळ पाहिलेलं नव्हतं. पण ती चाल त्याने बरोबर धरली आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. वर मालकाचं, योह फ्रेडरसनचं शहर. जमिनीखाली यंत्रं, त्याच्याही खाली कामगारांची वस्ती. भिंतीवर घड्याळं दोन, एक चोवीस तासांचं, एक दहा तासांचं. कामगारांचा दिवस दहाचाच. मालकाचा मुलगा फ्रेडर खाली उतरतो आणि कोसळायला आलेल्या ११८११ नंबरच्या कामगाराची जागा घेतो. त्याचं यंत्र म्हणजे माणसाहून उंच तबकडी. दिवा पेटेल तिकडे काटा ओढून न्यायचा, दोन्ही हात फाकवून, पाळी संपेपर्यंत. शेवटी फ्रेडरला तिथे घड्याळच दिसायला लागतं आणि त्या काट्यांना लटकून तो बापाला हाक मारतो, हे दहा तास संपणारच नाहीत का म्हणून. कामगारांना धीर देणारी मारिया आणि तिच्या रूपात बनवलेली नकली यंत्रमारिया हे पुढचं कथानक. यंत्रमारिया कामगारांना भडकवते, ते यंत्रं फोडतात, आणि खालच्या वस्तीत पाणी भरतं.

मला बोलायचंय ते शेवटाबद्दल. कॅथेड्रलच्या दारात मालक उभा. समोरून कामगार पाचरीसारख्या व्यूहात येतात, टोकाला फोरमन ग्रोट. हात पुढे होता होता थांबतात. मारियाच्या सांगण्यावरून फ्रेडर दोघांचे हात धरून एकमेकांच्या हातात देतो. पाटी येते: डोकं आणि हात यांच्यामध्ये हृदय मध्यस्थ असलं पाहिजे. संपला सिनेमा.

आणि दहा तासांचं काय झालं? कुणी विचारलं नाही. पाण्यात गेलेल्या घरांचं? मजुरीचं? मागे उभ्या असलेल्या शेकडो माणसांपैकी एकाच्याही तोंडी एक वाक्य नाही. ज्याचा हात मालकाच्या हातात जातो तो ग्रोट सुरुवातीपासून मालकाला खबर पोचवणारा माणूस आहे. आणि मध्यस्थ कोण, तर मालकाचाच मुलगा. त्याला नेमला कुणी?

आमच्या घरात हा प्रश्न पुस्तकी नव्हता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे मालकांशी वाटाघाटी करायचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगारवाढ हवी होती, बदलीवाल्यांना कायम करून हवं होतं, आणि हा कायदा जायला हवा होता. शेवटची मागणी बाबांच्या दृष्टीने सगळ्यात मोठी होती. आमच्या वतीने कोण बोलणार ते आम्ही ठरवू, एवढंच ते म्हणत. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. मी तेव्हा पाचवीत होते. बाबांचा गेटपास आईने देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवला होता. आई गेली, चाळ पडून तिथे टॉवर झाला, आणि गेटपास नव्या घरातल्या त्याच तसबिरीमागे आहे.

म्हणून हा धागा. जुन्या विज्ञानपटांत काम, मजुरी, मालकी हे विषय खरेपणाने कुठे आलेत? तुम्हाला कुठला सिनेमा आठवतो?

नंदू_बर्लिन

तुम्ही ११८११ चं नाव घेतलंत म्हणून लिहितो. त्याला चित्रपटात नाव आहे, गेऑर्गी. फ्रेडरचे कपडे घालून तो वर जातो, खिशात पैसे सापडतात, आणि 'योशिवारा' नावाच्या रंगमहालाची जाहिरातपत्रकं बघून तिकडे वळतो. आयुष्यात पहिल्यांदा हातात पैसा आणि मोकळा वेळ आलेला कामगार! हा सगळा भाग ऐंशी वर्षं जगाने पाहिलाच नव्हता.

१० जानेवारी १९२७ ला बर्लिनमध्ये पहिला खेळ झाला, तेव्हा चित्रपट अडीच तासांच्या वर होता. नंतर कापून त्यातला जवळपास चौथा हिस्सा काढून टाकला. कापण्यामागे हिशेब होता. चित्रपट काढणाऱ्या ऊफा कंपनीने पॅरामाउंट आणि एमजीएम या अमेरिकन कंपन्यांकडून चाळीस लाख डॉलरचं कर्ज घेतलेलं होतं, त्या बदल्यात जर्मनीतल्या वितरणात त्यांना वाटा दिलेला. त्यात 'मेट्रोपोलिस'चा खर्च पन्नास लाख मार्कांच्या घरात गेला आणि वसुली काही होईना. १९२७ मध्येच ऊफा आल्फ्रेड हुगेनबर्गच्या ताब्यात गेली. हा कट्टर राष्ट्रवादी, वर्तमानपत्रांचा मोठा मालक, पुढे १९३३ मध्ये हिटलरच्या पहिल्या मंत्रिमंडळात मंत्री झाला.

२००८ साली ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात सोळा मिलिमीटरची ओरखड्यांनी भरलेली प्रत मिळाली आणि त्यातून हरवलेली पंचवीसेक मिनिटं परत जोडली गेली. २०१० मध्ये बर्लिन महोत्सवात ती दाखवली. तो जोडलेला भाग लगेच ओळखू येतो, पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस पडत असतो. गेऑर्गी मोटारीत बसून नोटा हातात घेतो ते त्या पावसातच.

कौस्तुभ२१

धागा आवडला, पण मला वाटतं तुम्ही सिनेमाकडून जाहीरनाम्याची अपेक्षा करताय. ही बायबलच्या वळणाची दंतकथा आहे. आकाशाला भिडू पाहणारा बाबेलचा मनोरा आहे, माणसं गिळणारा मोलोख देव आहे. दंतकथेत वेतनकरार नसतो. खुद्द लांगनेही पुढे ते मध्यस्थाचं सूत्र परीकथा म्हणून झटकून टाकलं. उरली ती चित्रं, आणि ती अजरामर आहेत.

शिवाय इंग्रज विज्ञानकथाकार एच. जी. वेल्सने १९२७ मध्येच या सिनेमावर कडाडून टीका केली होती, तीही तुमच्या बाजूची नाही. त्याचं म्हणणं होतं की यंत्रं वाढली की असले काटे ओढणारे मजूर लागतच नाहीत. आणि इतकं उत्पादन होत असेल तर ते विकत घ्यायला खिशात पैसा असलेली माणसं हवीत, गुलामांची वस्ती नव्हे. म्हणजे लांगचं अर्थशास्त्रच चुकलंय.

तिसरीपाळी

कौस्तुभ, वेल्सचा मुद्दा मला पटतो. पण यंत्रं आल्यावर मजूर लागत नाहीत, हे वाक्य तो ज्या निश्चिंतपणे लिहितो तो निश्चिंतपणा मला परवडत नाही. लागत नाहीत ते मजूर जातात कुठे? आमच्या चाळीत त्याची उत्तरं होती. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी वॉचमन झाला, कुणी गावी गेला आणि परत आला नाही.

चित्रांबद्दल मात्र तुमच्याशी भांडायचंय. बाबेलच्या प्रसंगात मनोरा बांधणारे जे भादरलेल्या डोक्यांचे जथे दिसतात, ते बर्लिनचे बेरोजगार होते. रोजावर आणून, डोकी भादरून उभे केलेले. पुराच्या दृश्यातली पोरं तिथल्या गरीब वस्त्यांमधली, गार पाण्यात दिवसच्या दिवस उभी. म्हणजे चित्रं अजरामर झाली ती कुणाच्या तरी रोजंदारीवर.

आणि चित्रंही काहीतरी म्हणत असतातच की. कामगार यंत्राला हात लावतात आणि त्याच क्षणी त्यांची स्वतःची मुलं बुडायला लागतात. यातून बघणाऱ्याच्या मनात काय ठसतं? संप केलात तर पोरं मरतील. १९८२ मध्ये हेच वाक्य आईला वाण्यापासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं होतं.

अजून एक. दारं उघड, येऊ दे त्यांना, असा हुकूम ग्रोटला कोण देतो? मालक. दंगल त्यालाच हवी असते, म्हणजे मग बळ वापरायला निमित्त मिळतं. हे लांगने स्वच्छ दाखवलंय. त्यामुळे शेवटचं हस्तांदोलन मला जास्तच टोचतं. इतकं सगळं पाहिलेला दिग्दर्शक शेवटी तिथे येऊन थांबतो.

धोटा

तिसरीपाळीताई, नमस्कार. इचलकरंजीत तीस वर्षं यंत्रमागाच्या धंद्यात काढली, त्यामुळे हा धागा सोडून झोपणं शक्य नव्हतं.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर 'द मॅन इन द व्हाइट सूट'. १९५१, ईलिंग स्टुडिओ, दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेन्ड्रिक, मुख्य भूमिका अ‍ॅलेक गिनेस. लोक याला विनोदी चित्रपट म्हणतात, मला तो कापडधंद्यावरचा सगळ्यात गंभीर सिनेमा वाटतो. उत्तर इंग्लंडातलं गिरणीचं गाव. सिडनी स्ट्रॅटन नावाचा तरुण रसायनवेडा असा धागा बनवतो जो झिजत नाही, फाटत नाही, मळत नाही. रंगही धरत नाही, म्हणून सूट पांढराफेक, वर अंधारात चमकणारा. मालकाला आधी आनंद होतो. मग बाकीचे गिरणीमालक धावत येतात. एकदा घेतलेलं कापड जन्मभर टिकलं तर दुसऱ्या वर्षी विकायचं काय? आणि त्याच वेळी कामगारांची संघटनाही खडबडून जागी होते. दुसऱ्या वर्षी विणायचं काय?

मालकांच्या दिवाणखान्यात कामगारांचं शिष्टमंडळ येतं आणि दोघांच्या लक्षात येतं की आपल्याला एकच गोष्ट हवी आहे: हा शोध बंद. तुमच्या फ्रेडरची गरजच पडत नाही. मध्यस्थाशिवाय डोकं आणि हात एक होतात, आणि मिळून त्या पोराच्या मागे लागतात. रात्रीच्या गल्ल्यांतून तो पळतोय आणि सूट चमकतोय, त्यामुळे लपायला जागा नाही.

पण माझं काळीज अडकलंय ते एका छोट्या जागी. पळताना त्याला त्याची घरमालकीण भेटते. लोकांचे कपडे धुऊन चार पैसे मिळवणारी म्हातारी. अंग झाकायला काहीतरी दे म्हणून तो तिच्याकडे मागतो आणि ती म्हणते, तुम्ही शास्त्रज्ञ लोक गोष्टी आहेत तशा का राहू देत नाही? धुवायलाच काही उरलं नाही तर माझ्या धुण्याचं काय? एवढा वेळ मालकांना, युनियनला कुणालाच न बधलेला तो पोरगा तिथे गप्प होतो. गिनेसचा चेहरा पाहा त्या वेळचा. आपल्या शोधाच्या टोकाला एक बादली आणि एक म्हातारी आहे हे त्याला पहिल्यांदाच दिसतं.

साध्या मागावरून शटललेस मागावर गेलो तेव्हा माझ्याकडे कांड्या भरणाऱ्या, म्हणजे आडव्या धाग्याचं सूत कांडीवर गुंडाळणाऱ्या दोन बाया होत्या. शटललेसला कांडी लागत नाही. नवा माग बसवायचा हिशेब मी महिनाभर करत होतो, कर्ज, वीज, मीटरचा दर, सगळं. त्या दोघींचं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं. मशीन उतरवताना त्या दाराशी उभ्या राहून बघत होत्या तेव्हा मला कळलं. एकीला तपासणीवर घेतलं. दुसरीला नाही घेऊ शकलो.

हल्ली न टिकणाऱ्या वस्तूंची चर्चा असते म्हणून सांगतो, मालकांची ती धास्ती काल्पनिक नव्हती. १९२४ मध्ये फिबस नावाखाली जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी एकत्र येऊन बल्बचं आयुष्य हजार तासांवर आणायचं ठरवलं होतं. जास्त चालणारा बल्ब काढणाऱ्याला दंड होता.

माई_नायगाव

धोटाभाऊ, तुमचं टोपणनाव पाहून राहवलं नाही. ताईंच्या मुख्य मुद्द्याला धरूनच आहे.

'मेट्रोपोलिस'मध्ये सगळे कामगार सारखे दिसतात. तोच गणवेश, तीच टोपी, तेच नंबर. लांगला दाखवायचं होतं की यंत्राने माणसाचा चेहरा पुसला. पण गिरणीत चेहरे पुसले जात नव्हते. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारं लाकडी साधन. त्या धोट्यातली कांडी संपली की नवी भरून सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसरा घेणार. म्हणून आमच्या, अस्पृश्य मानलेल्या लोकांना साचेखात्यात घेत नसत. आणि जास्त मजुरी साचेखात्यातच होती. माझे आजोबा सबंध नोकरी सूत कातायच्या रिंगखात्यात होते. विणता येत नव्हतं म्हणून नाही.

१९२८ चा मोठा संप आठवा. 'मेट्रोपोलिस'नंतरचंच वर्ष. एका विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत असं मालकांनी काढलं, एप्रिलमध्ये काम थांबलं ते ऑक्टोबरपर्यंत. त्या वेळी डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला: अस्पृश्य कामगारांना विणकामात प्रवेश मिळावा ही मागणी तुमच्या यादीत का नाही? मालकाशी भांडताना आपसातला धोटा कुणाच्या तोंडाला लागलेला चालत नाही, हे आधी सांगा.

म्हणून मी त्या शेवटच्या दृश्यात आणखी एक प्रश्न विचारेन. पाचरीच्या टोकाला ग्रोट आहे हे ताईंनी सांगितलं. त्या पाचरीत शेवटच्या ओळीत कोण आहे?

आणि मध्यस्थाबद्दल. १९३८ च्या मुंबई औद्योगिक कलह विधेयकात सामोपचार सक्तीचा केला होता, आणि ती प्रक्रिया चालू असेपर्यंत संप बेकायदा. त्याच्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप झाला. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट त्या दिवशी एकत्र उतरले होते. विधिमंडळात बाबासाहेबांनी मांडलं की संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव. कायद्याने आणून बसवलेला मध्यस्थ नको, हे गिरणगावाने १९८२ च्या चव्वेचाळीस वर्षं आधी सांगून ठेवलं होतं.

तिसरीपाळी

माई, हे वाचून मी बराच वेळ काही टाइप करू शकले नाही. धोटा तोंडाने ओढायचा हे बाबांनी मला कौतुकाने करून दाखवलं होतं, कारागिराचं कसब म्हणून. त्याच्या पलीकडे कोण उभं होतं ते त्यांनीही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वर 'आमच्या वतीने कोण बोलणार ते आम्ही ठरवू' असं मी लिहिलं, त्यातला 'आम्ही' मी न तपासता लिहिला होता. आज त्यांना विचारते.

बेळगावकरीण

थेया फॉन हार्बू यांचं नाव निघालं आहे तर आमच्याकडचा एक दुवा सांगते. बेळगावजवळच्या बेळगुंदीचे आयी गणपत तेंडुलकर शिकायला जर्मनीत गेले, तिथे पत्रकार झाले. लांगशी फारकत झाल्यानंतर थेयाबाईंनी या तेंडुलकरांशी लग्न केलं. नाझी राजवटीत एका भारतीय माणसाशी उघड लग्न शक्य नव्हतं, म्हणून गुपचूप. महायुद्धाच्या तोंडावर तेंडुलकर भारतात परतले. इथे त्यांची भेट इंदुमती गुणाजी यांच्याशी झाली. दोघांनी तुरुंगवास भोगला, आणि १९४५ मध्ये गांधीजींच्या आशीर्वादाने सेवाग्रामला त्यांचं लग्न झालं. त्यांची कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी हे सगळं पुस्तकात लिहिलं आहे.

मला यातलं कोडं सुटत नाही. हीच बाई पुढे नाझी पक्षात गेली. हीच बर्लिनमधल्या भारतीय विद्यार्थ्यांना मदत करत होती. एका वसाहतीतल्या माणसाबरोबर संसार करताना तिला गुलामी दिसत असणार. तरीही तिच्या कथेत गुलामीवरचा उपाय मालकाच्या मुलाचं चांगलं मन.

कौस्तुभ२१

मला तरी यात विसंगती दिसत नाही. वरचा माणूस चांगला असला की खालच्यांचं भलं होतं, हा विश्वास दयाळू माणसांत असतो आणि हुकूमशाहीच्या भक्तांतही. दोन्ही एकाच बाईत असू शकतात.

लांग मात्र १९३३ मध्ये जर्मनी सोडून गेला. गोबेल्सने चित्रपटखातं देऊ केलं म्हणून मी त्याच रात्री पळालो, असं तो आयुष्यभर सांगायचा.

नंदू_बर्लिन

ती 'त्याच रात्री'ची गोष्ट मात्र खरी नाही. त्याच्या पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून तो त्यानंतरही काही महिने जर्मनीत ये-जा करत होता असं दिसतं. गेला हे खरं.

संकेत_पी

मी जरा पुढच्या काळातलं मांडतो. 'एलियन', १९७९, रिडली स्कॉट. सगळे त्यातल्या प्राण्याबद्दल बोलतात. पण अंतराळयानातले खलाशी गाढ झोपेतून उठून जेवायच्या टेबलावर बसल्यावर पहिला विषय कुठला निघतो? बोनसचा. इंजिनखात्यातले पार्कर आणि ब्रेट म्हणतात की आमचा हिस्सा बाकीच्यांपेक्षा कमी का. अनोळखी संदेशाचा शोध घ्यायला ते नकार देतात तेव्हा त्यांना करारातलं कलम वाचून दाखवलं जातं: तपास केला नाही तर सगळा हिस्सा जप्त. म्हणजे ती माणसं त्या ग्रहावर उतरतात ती कुतूहलाने नाही, पगार कापला जाईल म्हणून. आणि नंतर कळतं की प्राणी जिवंत आणायचा, खलाशी गेले तरी चालतील, असा कंपनीचा हुकूम आधीच निघालेला आहे.

त्याच्या खूप आधीचा, १९२४ चा सोव्हिएत मूकपट 'एलिता'ही बघा. त्यात मंगळावर राज्यकर्ते गरज नसलेल्या कामगारांना गोठवून शीतगृहात रचून ठेवतात. लागतील तेव्हा बाहेर काढायचे.

तिसरीपाळी

शीतगृह! संकेत, बदली कामगार म्हणजे दुसरं काय होतं? पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम माणसाचा खाडा असेल तर आत, नाहीतर घरी. घरी म्हणजे बिनपगारी. बाबांनी अशी सहा वर्षं काढली.

रापण

वाचतोय सकाळपासून. गिरणीचं मला काही कळत नाही, आमचा धंदा मासळीचा. पण १९५४ चा जपानी 'गोजिरा' या धाग्यात बसतो असं वाटतं. त्याच वर्षी १ मार्चला बिकिनी बेटांवर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्ब फोडला, त्याची राख ट्यूना पकडायला गेलेल्या एका जपानी बोटीवर पडली. तेवीस खलाशी. त्यांचा रेडिओवाला सप्टेंबरमध्ये गेला, आणि सिनेमा ३ नोव्हेंबरला लागला. सुरुवात कशी होते? डेकवर बसलेले खलाशी, अचानक समुद्रात उजेड, आणि बोट जळते. बघणाऱ्या प्रत्येक जपान्याला कळलं असणार.

पुढे आगगाडीत एक बाई बोलता बोलता किरणोत्सारी ट्यूनाचा उल्लेख करते. दोन वाक्यांत विषय संपतो. पण त्या वर्षी तिथला मासळीबाजार बसला होता, पकडलेली मासळी पुरावी लागली होती. आणि संसदेतलं दृश्य: प्राण्याचा संबंध अणुचाचण्यांशी आहे हे जाहीर करायचं की नाही? एक सभासद म्हणतो, केलंत तर व्यापार, परराष्ट्रसंबंध सगळं बिघडेल. समोरच्या बाया उठून ओरडतात, खरं ते सांगा म्हणून. आमच्याकडे किनाऱ्यावर तेलाचे गोळे येतात तेव्हा बाजारात गप्प बसायचा सल्ला असाच मिळतो. भाव पडेल म्हणतात.

धोटा

रापण, यावर वेगळा धागा काढाच. आणि तिसरीपाळीताई, बाबांना दाखवलात का सिनेमा? त्यांचं काय म्हणणं?

तिसरीपाळी

काल संध्याकाळी दाखवला, नंदूंनी सांगितली ती पूर्ण प्रत. बाबा ऐंशीच्या घरात आहेत, ऐकू जवळजवळ येत नाही, त्यामुळे मूकपट त्यांना सोयीचा. पाट्या मी कागदावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवत होते.

पाळीच्या दृश्याला काही बोलले नाहीत. तबकडीच्या दृश्याला मात्र पुढे सरकून बसले आणि मला थांबवायला लावलं. म्हणाले, "ह्या मशिनीवर निघतं काय?" मी म्हटलं, दाखवलेलं नाही. "कापड न्हाय, सूत न्हाय, काहीच न्हाय? मग ह्याला कळणार कसं आपण बरोबर करतोय का चूक?" मग त्यांनी हाताने करून दाखवलं, ताग्यावरून हात फिरवला की धागा तुटलेला बोटाला कसा लागतो ते. साच्यावर उभं राहून पाय मोडायचे, पण संध्याकाळी समोर वार मोजलेलं कापड असायचं. त्या माणसाला तेही नाही. कौस्तुभ, वेल्सने विचारलं तोच प्रश्न, दुसऱ्या बाजूने.

शेवटच्या हस्तांदोलनाला त्यांनी ग्रोटकडे बोट दाखवलं आणि "जॉबर" एवढंच म्हणाले. जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादम.

माई, तुमचाही प्रश्न विचारला. कागदावर लिहून दिला, कारण ओरडून विचारायचा तो प्रश्न नव्हता. बाबांनी कागद वाचला, घडी केली, बराच वेळ हातात धरून बसले. मग रिंगखात्यातल्या एका माणसाचं नाव घेतलं. दोघे एकाच दिवशी गेटवर बदलीला उभे राहिले होते. संपाच्या दिवसांत तो आमच्याकडे तांदूळ घेऊन आला होता, हे मला आठवतंय. तो साचेखात्यात का आला नाही हे मी तेव्हा विचारलं नाही, असं बाबा म्हणाले. त्याचा मुलगा नायगावलाच असतो म्हणे. पत्ता शोधायचाय, तुम्हाला मेसेज करते.

धोटाकाका, पुढच्या रविवारी तुमचा पांढऱ्या सूटवाला. त्याला आवाज आहे, त्यामुळे संवाद आधी लिहून काढावे लागतील. धुणंवालीचा प्रसंग तेवढा तुम्ही मराठीत करून द्याल का?

धोटा

देतो. शुक्रवारपर्यंत पाठवतो, मोठ्या अक्षरांत.